सहावी स्लाइड

“त्या सहावीला हात लावू नकोस गो. ती अजून ओली आहे,” कुमुदकाकू मान वर न करता म्हणाल्या.

मी बोट मागं घेतलं.

पडवीत वर्तमानपत्र पसरून त्या खाली बसल्या होत्या. पुढ्यात काचेच्या पाच स्लाइड, सहावी जरा बाजूला, हातात नेलपॉलिशची बाटली. रंग गडद डाळिंबी. प्रत्येक स्लाइडच्या मधोमध नखाएवढी गोल, पातळ काच बसवलेली होती आणि तिच्या कडेकडेनं काकू रंगाची बारीक रेघ फिरवत होत्या. जुन्या रंगाला चिरा गेल्या होत्या आणि स्लाइड दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पुण्याला जायच्या होत्या, म्हणून हा नवा हात. ब्रश एकदा टेकला की वर्तुळ पुरं होईपर्यंत त्या तो उचलत नव्हत्या.

“माझ्या नखाला कधी लागला नाही हा रंग,” त्या म्हणाल्या. “कुडाळच्या दुकानदाराला वाटतं, मास्तरीण आता उतारवयात नटायला लागली.”

आतल्या खोलीतून केळुसकर सर हसल्याचा आवाज आला.

हे १९९३च्या जुलैमधलं. मी सत्तावीस वर्षांची होते. झाडांवर राहणाऱ्या कोळ्यांवर मी नुकतीच पीएच.डी. संपवली होती. घरात जाळी करणाऱ्या कोळ्याचे हे फार लांबचे आणि फार लहान नातेवाईक. मी ज्यांच्यावर काम करत होते ते तर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे. पानावर डोळ्यांना दिसतात ते त्यांचे उद्योग, म्हणजे फोड, सुरकुत्या, डाग. ते स्वतः दिसत नाहीत. काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून त्यानं त्यांना उचलायचं, डिंकासारख्या द्रवाच्या थेंबात ठेवायचं, वर पातळ काच ठेवायची. डिंक पुरता सुकला की काचेची कड रंगानं बंद करायची. आधी बंद केली तर ओल आत अडकते. बंद केलीच नाही तर पावसाळी हवेत डिंक पाणी ओढून घेतो, त्यात दाणे धरतात आणि आतलं काही दिसेनासं होतं. अशा स्लाइडला आम्ही आंधळी म्हणायचो.

सर तालुक्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सकाळी तास घ्यायचे, दुपारी परसातल्या नाहीतर रस्त्याकडेच्या झाडांची पानं उलटून बघायची, हा त्यांचा क्रम. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच नवी जात वर्णन केली होती. घरामागच्या तिरफळाच्या झाडावर त्यांना ती सापडली होती. जातीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. लॅटिनच्या वळणानं कुमुदचं ‘कुमुदी’ झालं होतं.

आणि ती जात खोटी आहे, असं मला वाटत होतं.

तिरफळावर पन्नास वर्षांपूर्वीच एका परदेशी संशोधकानं एक जात नोंदवली होती. ती पावसाळ्यात सापडते. सरांची कुमुदी त्यांनी डिसेंबरात गोळा केलेली होती. यातल्या काही कोळ्यांच्या माद्या पानगळीच्या आधी वेगळं रूप घेतात. अंग गुळगुळीत होतं, पाठीवरची नक्षी पुसट होते आणि अशा रूपात त्या सालीच्या भेगांत बसून उन्हाळा काढतात. हे रूप वेगळं दिसतं म्हणून ते वेगळी जात समजून वर्णन करणं, ही आमच्या विषयातली जुनी चूक. सरांनी तीच केली आहे, असा माझा अंदाज होता. तसं मी त्यांना पत्रानं कळवलंही होतं आणि मूळ स्लाइड बघायला मागितल्या होत्या. त्यांनी लिहिलं, या, घेऊनच जा.

सर बाहेर आले. साठीचे, बारीक, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. मान जरा वाकडी करून उजव्या डोळ्यानं बघायची त्यांना सवय लागली होती.

“काय डॉक्टर,” ते म्हणाले, “फाशीची तारीख ठरली का?”

काकूंनी ब्रश बाटलीत ठेवला.

“कोणाची फाशी?”

“तुझी. ह्या म्हणतात कुमुदी नावाचं कोणी नाहीच. जुन्याच बाईनं दुसरं लुगडं नेसलं होतं आणि मी तिला नवी समजलो.”

“मग बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “ह्यांना माझंसुद्धा लुगडं बदललेलं कधी कळलं नाही.”

तिघंही हसलो. माझं हसू जरा उशिरा आलं.

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हणजे आता आठवतं तेव्हा वाटतं की शिकवल्यासारखं सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, तुमचं म्हणणं खरं असू शकतं, मलाही हा संशय गेली दोन वर्षं आहे. मग मला घेऊन ते परसात गेले. छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिले. तिरफळाचं खोड अंगभर काट्यांचं, काटे बुडाशी जाड. त्यांनी एक खालची फांदी काठीच्या आकड्यानं ओढून धरली आणि एक पान उलटं करून दाखवलं. शिरेच्या दोन्ही बाजूंना फोड होते, ते जुन्या जातीचे. शिरेच्या मुळाशी, फोडांपासून लांब, थोडी धुरकट जागा होती.

“ही कुमुदी,” ते म्हणाले. “जुलैत. भर पावसात. फोडवाली आणि ही, एकाच पानावर. उन्हाळ्याचं रूप असेल तर आत्ता इथं काय करतंय?”

मी म्हटलं, सर, एखादी मादी मागं राहिली असेल.

“असेल. म्हणून मी नर शोधत होतो.”

ते बरोबर होतं. वेगळं रूप घेतात त्या फक्त माद्या. त्या रूपाचा नर नसतोच. कुमुदीचा नर सापडला, तर ती स्वतंत्र जात आहे यात शंका राहत नाही.

“परवाच एका पानावरचे आठ उचलले आणि सहावी स्लाइड केली,” सर म्हणाले. “त्यात एक मला नर वाटतो. वाटतो, एवढंच म्हणेन. माझा मायक्रोस्कोप कॉलेजनं भंगारात काढलेला आणि डोळा हा असा. तुमच्याकडे चांगलं यंत्र आहे. तुम्ही बघा. नर असेल तर कुमुदी राहील. नसेल तर तिचं नाव काढून टाका, मी स्वतः सांगतो. माझ्यासाठी म्हणून ठेवू नका.”

फांदी सोडताना ती त्यांच्या हातातून निसटून वर गेली आणि आम्हा दोघांवर पानांतलं पाणी पडलं.

जेवायला बांगड्याची आमटी होती, त्याच झाडाचं तिरफळ घातलेली. काकू वाढता वाढता म्हणाल्या, सावकाश खा, माझ्या सासरचा मसाला आहे. मला कळलं नाही. सरांनी सांगितलं की त्या झाडाला ती कुमुदीचं सासर म्हणते. दर वर्षी तिरफळं काढून झाली की झाडाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालते, आणि कोणी पाहुणा आला की सांगते, जगात माझ्या नावाचं एक जनावर आहे, दिसत नाही पण आहे.

“देवासारखंच,” काकू म्हणाल्या. “फक्त ह्याला नैवेद्य लागत नाही.”

मी निघायच्या सकाळी सरांनी एक लाकडी डबी आणली. आत कापूस, कापसावर पाच स्लाइड, डाळिंबी कडांच्या. ज्यांवरून कुमुदी वर्णन केली होती त्याच या मूळ स्लाइड. जगात दुसऱ्या नव्हत्या. त्यांनी पावती मागितली नाही. सहावी वेगळी होती, त्यांच्या सुकवायच्या पेटीत. ती पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यात साठचा बल्ब.

काकूंनी स्लाइड उजेडाकडे तिरपी धरून बघितली.

“नाय सुकली. आठ दिवस तरी लागतील. राहा आठ दिवस, मी कड लावून देते.”

मी म्हटलं मला जायला हवं. ते खरं होतं. पुण्यातल्या आमच्या संस्थेत एक कायमची जागा निघाली होती, सप्टेंबरात मुलाखत होती, आणि ऑगस्ट संपायच्या आत माझा मोठा निबंध छापायला जायला हवा होता. तिरफळाच्या कुळातल्या झाडांवरच्या अकरा जाती आजवर वर्णन झाल्या होत्या. त्यांतल्या चार खोट्या, खऱ्या सातच, असं मी त्यात दाखवणार होते. माझे मार्गदर्शक म्हणायचे, नवी जात कोणीही काढतो, जुनी चुकीची जात काढून टाकायला जिगर लागते. त्या वयात मला हे वाक्य फार आवडायचं.

सर म्हणाले, दहा दिवसांनी मी पार्सल करतो. मी विचार केला की दहा दिवस, वर टपालाचे चार, आणि काच फुटली तर सगळंच संपलं.

“मी आत्ताच नेते. आमच्याकडे ओव्हन आहे. सुकली की मीच रंग लावते.”

“लावशील?” काकूंनी विचारलं.

“लावीन, काकू.”

“विसरशील.”

“नाही विसरणार.”

सहावी स्लाइड त्यांनी आगपेटीत बसवली, वर दोरा गुंडाळला. सरांनी पेन्सिलनं आगपेटीवर लिहिलं, ‘नर?’ फक्त एक शब्द आणि प्रश्नचिन्ह. फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होते, बहुधा गाडी कणकवलीला किती वेळ थांबते याबद्दल.

पुण्यात आल्यावर ओव्हन बघितला तर तो एका सहकाऱ्याच्या फुलपाखरांनी भरलेला होता. आगपेटी मी टेबलाच्या खणात ठेवली, ओव्हन मोकळा झाला की काढू म्हणून. मग पाच स्लाइडचं काम सुरू झालं. मोजमापं, पाठीवरच्या नक्षीची चित्रं, पायांवरच्या केसांची गणती. पाचही स्लाइडमध्ये माद्याच होत्या, आणि त्या मला वाटलं तशाच दिसल्या, गुळगुळीत आणि पुसट. पाचवी संपली त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं.

ऑगस्टच्या वीस तारखेला मी आगपेटी उघडली. स्लाइड आंधळी झाली होती. कड मोकळीच होती आणि पुण्यातही त्या वर्षी पाऊस पुष्कळ होता. डिंकात साखरेसारखे दाणे धरले होते. यंत्राखाली ठेवली तर धुक्यात बघितल्यासारखं झालं, काहीच दिसत नव्हतं.

ती सुधारता येते. कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, डिंक सुटतो, वरची काच तरंगून येते, मग आतले कोळी एकेक करून केसानं उचलायचे आणि नव्या थेंबात बसवायचे. तीन-चार दिवसांचं काम. एखादा हरवू शकतो. माझ्याकडे अकरा दिवस होते आणि चौदा चित्रं शाईनं काढायची राहिली होती.

मी आगपेटीला पुन्हा दोरा गुंडाळला.

निबंध वेळेत गेला. सप्टेंबरात जागा मिळाली. पुढच्या मार्चमध्ये निबंध छापून आला तेव्हा एक प्रत मी सरांना पाठवली, बरोबर पाचही स्लाइड, त्याच लाकडी डबीत. वर एक लहान चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते आठवत नाही. सहावीबद्दल काही लिहिलं नव्हतं, एवढं नक्की आठवतं.

पंधरा दिवसांनी आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख, ओळी मात्र किंचित खाली उतरत गेलेल्या. ते पत्र माझ्याकडे आहे.

‘निबंध सावकाश वाचला. काम स्वच्छ आहे. कुमुदीबद्दल तुम्ही लिहिलंत, सहाही स्लाइड तपासल्या, एकीतही नर आढळला नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांनी मला फसवलं. तुम्ही बघितलंत हे बरं झालं, नाहीतर मी तसाच हट्ट धरून बसलो असतो. पाचही स्लाइड पुण्यालाच असू देत, परत पाठवल्या आहेत. इथं आता त्यांचं काम नाही. कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, काही दिवस का होईना, होते ना मी. तुमचा वि. ना. केळुसकर.’

मी पाच तपासल्या होत्या.

‘सहा’ हा आकडा मी का लिहिला, याचं उत्तर मी खूप वर्षं वेगवेगळं दिलं आहे, अर्थात स्वतःलाच, कारण दुसऱ्या कोणी विचारलं नाही. स्लाइड सहा होत्या म्हणून सहा लिहिलं. सहावी ‘तपासायचा प्रयत्न’ केला होता. आंधळ्या स्लाइडमध्ये नर आढळला नाही, हे तर अक्षरशः खरंच. अशी उत्तरं पुष्कळ दिवस पुरतात.

पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. पुढं सर दोन हजार सहा साली गेले, ते मला एका परिषदेत चहाच्या वेळी कोणीतरी सांगितलं.

आमच्या विषयात चुकीचं ठरवलेलं नाव पुसून टाकत नाहीत. यादीत ते खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, बरोबरच्या (=) चिन्हापुढं ठेवतात. एकतीस वर्षं कुमुदी तिथं होती. नव्या याद्या निघाल्या, काही मीच केल्या. प्रत्येक वेळी मी तिला त्याच जागी उतरवून घेतलं.

मी निवृत्त व्हायला आले तेव्हा संस्थेचा नियम आडवा आला. माझ्या निबंधांतल्या सगळ्या स्लाइड संग्रहालयात जमा करायच्या होत्या, छापील यादीशी ताडून. कुमुदीपुढं यादीत आकडा होता सहा. संग्रह सांभाळणारी मुलगी फार चांगली होती, मोजल्याशिवाय सही करत नसे. ती म्हणाली, मॅडम, एक कमी आहे.

शोधावी लागली नाही. टेबलं बदलली, खोल्या बदलल्या, इमारतही बदलली, पण ती आगपेटी कुठं आहे हे मला एकतीस वर्षं रोज माहीत होतं.

स्लाइड मी कोमट पाण्यात ठेवली. डिंक इतका जुना झाला होता की काच सुटायला दोन दिवस लागले. आठापैकी सात मिळाले, एक हरवला. नव्या थेंबात बसवले, सुकवले, यंत्राखाली घेतले. चार जुन्या जातीच्या, फोडवाल्या. दोन कुमुदीच्या माद्या. आणि एक लहान, बारीक, स्पष्ट, कोणाला दाखवायचीही गरज नाही असा, कुमुदीचा नर.

त्या आठवड्यात मी दीड पानाचं टिपण लिहिलं, कुमुदी स्वतंत्र जात असल्याचं. त्यात एक वाक्य होतं, ‘माध्यम खराब झाल्यामुळे पूर्वी नर दिसू शकला नव्हता.’ सुकलेल्या स्लाइडला कड लावायला मी बाटली घेऊन तीनदा बसले. तिन्ही वेळा बाटली उघडली आणि बंद केली. मग स्लाइड तशीच घेऊन कुडाळची गाडी पकडली.

कुमुदकाकू त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. पडवी तीच, फरशी नवी. मुलगा गोव्याला होता, नात सुट्टीला येऊन गेली होती. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

“पुण्याची,” त्या म्हणाल्या. “फाशीवाली.”

मी बसले. चहा आला, त्यांनी स्वतःच केला, कोणाला करू दिला नसता. तिरफळाचं झाड खिडकीतून दिसत होतं, मधली एक मोठी फांदी तोडलेली. मी सांगितलं, काकू, कुमुदी आहे. नर सापडला. सरांचं बरोबर होतं. नाव परत येणार, मी लिहिलंय.

त्यांनी कप खाली ठेवला.

“कुठं सापडला?”

“सरांनी दिलेल्या सहाव्या स्लाइडमध्ये.”

“आगपेटीतल्या?”

“हो.”

त्यांनी हे मनात नीट लावून घेतलं. मग सांगायला लागल्या, फार शांतपणे, जसं शेजारणीला सांगावं तसं. पत्र पाठवून झाल्यावर सरांनी मायक्रोस्कोप कपाटावर ठेवला. पुढच्या वर्षी सावंतवाडीला डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. अंगणात बसून त्यांना झाडावरची मुंगी दिसायची. काकूंनी यंत्र खाली काढून, पुसून टेबलावर ठेवलं. सरांनी त्याला हात लावला नाही. एकदा तिरफळं काढताना त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, मला अजून दिसतंय ते, म्हणजे डोळ्यांचं काही खरं नाही.

“बारा वर्षं,” काकू म्हणाल्या. “पेपर वाचायचे, तेवढंच. कॉलेजची पोरं यायची काय काय विचारायला. म्हणायचे, पुण्याला विचारा, माझ्या बघण्यावर जाऊ नका.”

मी खिडकीतून झाडाकडे बघितलं.

“एक सांग बाय. तेव्हा दिसला नव्हता का तो?”

टिपणातलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. माध्यम खराब झालं होतं, काकू. तेही खरंच होतं.

मघाशी मी लिहिलं की त्या दिवशी यंत्राखाली धुक्यात बघितल्यासारखं झालं, काहीच दिसत नव्हतं. ते पूर्ण खरं नाही. दाण्यांच्या मधून आकृत्या दिसत होत्या, पुसट, पण दिसत होत्या. त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा लहान होती. नर माद्यांपेक्षा लहान असतात, हे या विषयात पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ती आकृती पाहिली, आणि यंत्राचा दिवा बंद केला.

“एक लहान दिसला होता,” मी म्हटलं. “मी पुढं बघितलं नाही. बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं. आणि कड मी लावलीच नव्हती, काकू. लावते म्हणाले होते, ती लावली नाही.”

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवून गेलं. काकू पदराच्या टोकानं चष्मा पुसत होत्या, पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

“त्यांनी तुला कधी दोष दिला नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “मरेपर्यंत स्वतःच्या डोळ्यांना दिला.”

“माहीत आहे.”

“मी देणार.”

मी मान हलवली.

“माझं नाव राहिलं काय, गेलं काय. मी काय ते बघायला गेलेय? पण ते माणूस परसात जाऊन झाडाकडे पाठ करून बसायचं.”

मग त्यांनी स्लाइड मागितली. मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती उजेडाकडे तिरपी धरली, अगदी तशीच, मान किंचित मागं घेऊन.

“सुकली.”

“हो.”

“मग अजून उघडी का?”

मी पुण्याहून आणलेली बाटली बाहेर काढली. हल्ली प्रयोगशाळेत वापरतो ती, पारदर्शक. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, ब्रश बोटावर घासून बघितला आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

“ह्याला रंगच नाही. फट राहिली तर दिसणार कशी?”

त्या उठल्या. भिंतीला धरत आत गेल्या आणि नातीची विसरलेली बाटली घेऊन आल्या. लाल होती, भडक. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर स्लाइड ठेवली. मला वाटलं, त्या बसून लावतील. त्यांनी ब्रश माझ्यासमोर धरला.

“तू लावते म्हणाली होतीस.”

मी खाली बसले. आयुष्यभरात काही हजार स्लाइडना कड लावली असेल. ब्रश टेकवला आणि फिरवायला लागले. शेवटच्या वळणावर तो जरा उचलला गेला. काकूंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि स्लाइडवर वाकल्या.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “इथं राहिलं.”